प्रोग्रॅमिंगचे शिक्षण : विज्ञान व अभियांत्रिकी शाखा

भौतिकी, रसायनशास्त्र, स्थापत्य, यंत्र अशा शाखांत संगणक हत्यारासारखा वापरला जातो; त्या शाखांच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे प्रोग्रॅम लिहिण्याचे शिक्षण. या विद्यार्थ्याला शेवटी आकडा हवा असतो, आणि आलेला आकडा खरा मानावा की नाही, हे त्यालाच ठरवावे लागते. भाषेचे व्याकरण शिकवायला अभ्यासक्रमात भरपूर तास असतात, आकडा पारखायला शिकवण्यासाठी फारसे उरत नाहीत.

या शिक्षणाची सुरुवात फोरट्रानपासून धरायला हरकत नाही. आयबीएममधील जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये ही भाषा दिली आणि अभियंत्याला जवळपास वहीतले सूत्रच यंत्राला लिहून देता येऊ लागले. भारतात १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हे यंत्र आले. तेथे व्ही. राजारामन प्रभृतींनी विद्यार्थ्यांबरोबर बाहेरच्या अभियंत्यांना व शास्त्रज्ञांनाही फोरट्रान शिकवले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसला. प्रोग्रॅम ८० रकान्यांच्या कार्डांवर छिद्रे पाडून द्यायचा, एका कार्डावर एक ओळ. गठ्ठा हातातून सांडला की क्रम लावत बसायचे. उत्तर ताबडतोब मिळत नसे, त्यामुळे लोक आधी कागदावर बोट ठेवून ओळ न् ओळ चालवून बघत. यालाच ‘ड्राय रन’ म्हणतात. ही सवय टिकली असती तर बरे झाले असते.

पुढे डार्टमथ कॉलेजात केमेनी व कर्ट्झ यांची बेसिक (१९६४) आणि व्हिर्ट यांची पास्कल (१९७०) खास शिकवण्यासाठी म्हणून आल्या. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मात्र मुरली ती सी ही भाषा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांवर कित्येक तुकड्या वाढल्या. लॅबमध्ये सीचे प्रोग्रॅम लिहून चालवायच्या, बोरलँड कंपनीच्या टर्बो सीचा निळा पडदा असे. मुळात डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीसाठी बनलेले हे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेनासे झाले, तेव्हा ते डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये घालून चालवले गेले, पण सोडले गेले नाही. प्रोग्रॅम आणि फ्लोचार्ट जर्नलमध्ये उतरवायचे, आउटपुट चिकटवायचे, सही घ्यायची, ओरलला एक्स्टर्नल विचारतील तेवढे पाठ करायचे, असा हा क्रम होता.

त्या जर्नलमध्ये फॅक्टोरियलचा (१ पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम हमखास असे. ५ दिले की १२० येतात, ७ दिले की ५०४०. टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक वापरून ८ दिले, तर ४०३२० ऐवजी −२५२१६ येतात. तेथे पूर्णांकाला १६ बिट (० किंवा १ च्या जागा) मिळतात आणि त्यात ३२७६७ च्या वरची संख्या मावत नाही. ४०३२० मधून ६५५३६ वजा होऊन राहते ते पडद्यावर दिसते. प्रोग्रॅम अडत नाही, तक्रारही करत नाही. जर्नलमध्ये ५ चे उत्तर चिकटवलेले असल्याने ८ चा विषय निघत नाही. याच जातीची चूक ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटला भोवली. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना मावली नाही, मार्गदर्शन यंत्रणा बंद पडली आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत रॉकेट नष्ट झाले.

नवशिक्याला छळणारी दुसरी गोष्ट भागाकाराची. फॅरनहाइटचे सेल्सिअस करताना तो पुस्तकातले सूत्र जसेच्या तसे ५/९ असे लिहितो. सीमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असतो, म्हणून ५/९ म्हणजे शून्य, आणि कोणतेही तापमान दिले तरी उत्तर शून्य. ही चूक निदान लगेच दिसते. ०.१ ची दिसत नाही. दशमान पद्धतीत १/३ जसा संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत १/१० संपत नाही. कुठे तरी कापावाच लागतो. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील दहरान येथील पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत होते आणि ०.१ हा आकडा २४ बिटांत कापलेला होता. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिल्यावर चूक साठून सेकंदाच्या एक-तृतीयांशाएवढी झाली. चालून आलेले स्कड क्षेपणास्त्र तिने अडवले नाही. २८ सैनिक मेले.

यापेक्षाही शिकवण्यासारखे उदाहरण लंबकाचे आहे. वेळेचे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात जुन्या वेगावरून नवी जागा, जुन्या जागेवरून नवा वेग काढायचा, ही ऑयलरची सोपी रीत. पाच-सात ओळींत प्रोग्रॅम होतो, आलेखही झोकदार येतो. जरा वेळ चालू ठेवला की लंबक प्रत्येक फेरीला आधीपेक्षा वर जाऊ लागतो, जणू कोणी न ढकलता झोपाळा आढ्याला टेकणार आहे. व्याकरण बिनचूक, सूत्र बिनचूक, तरी ऊर्जा शून्यातून वाढते आहे. उपाय एका ओळीचा: आधी नवा वेग काढायचा आणि जागेसाठी तोच वापरायचा. ऊर्जा मग थोडी वरखाली होते, पण सुटत नाही. चूक आहे हे मात्र ज्याला भौतिकी येते त्यालाच कळते. प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला कळत नाही.

नव्या शतकात शिकवण्याची रीत काहीशी बदलली. आयआयटी मुंबईत अभिराम रानडे यांनी सी++ भाषा शिकवण्यासाठी सिंपलसीपीपी तयार केले. त्यात विद्यार्थी पहिल्या दिवसापासून पडद्यावरच्या कासवाला चालवून आकृत्या काढतो, व्याकरण मागाहून येते. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅब (गणिती आकडेमोडीचे मुक्त सॉफ्टवेअर), पायथॉन भाषा वगैरेंचे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात, आणि फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून काढली. अशा कामात उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर कारण शोधावेच लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला पायथॉन आले. त्यात पूर्णांक हवा तेवढा वाढतो, ५/९ चे उत्तर अपूर्णांकात येते, ०.१ आणि ०.२ ची बेरीज मात्र ०.३०००००००००००००००४ येते. त्याच पायथॉनमध्ये शेकडो एकसामयिक समीकरणे एका आज्ञेत सोडवता येतात. ते काम आतून लॅपॅक नावाचा तयार प्रोग्रॅमांचा संग्रह (लायब्ररी) करतो, आणि तो मुळात फोरट्रानमध्ये लिहिलेला आहे.