मेंदूतली खाडी आणि तिचे धक्के

यंदा गुहागरला आत्याकडे गेलो, तेव्हा ती सोलकढीच्या तयारीत होती. नारळ खवून झाला, विळी आडवी केली, खोबऱ्याचं ताट समोरच होतं. तरी तिने विचारलं, "नारळ फोडायचा राहिलाय ना रे?" पाच मिनिटांत तीनदा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वय झालं, चालायचंच." मला हे अजिबात पटत नाही. तिला अल्झायमर आहे, आणि तो आजार आहे.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते, तशीच मेंदूतल्या दोन पेशींमध्येही एक खाडी असते. रुंदी मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. निरोपाचं रसायन ती ओलांडून पलीकडच्या धक्क्याला लागतं. हा धक्का म्हणजे रिसेप्टर. लक्ष आणि स्मरण यांसाठी मोलाचं रसायन ॲसिटिलकोलिन. अल्झायमरमध्ये ते पुरवणाऱ्या, मेंदूच्या तळाकडच्या पेशी मरत जातात, म्हणजे बोटीच कमी होतात. धक्केही ढासळतात, पण सगळे सारखे नाहीत. ॲसिटिलकोलिनच्या धक्क्यांच्या दोन जाती, निकोटिनिक आणि मस्करिनिक. निकोटिनिक रिसेप्टर बरेच घटतात. मस्करिनिक जातीतले एम१ पुष्कळसे टिकतात, मात्र निरोप पेशीच्या आत पोचवण्यात ते कमी पडू लागतात.

अल्झायमरवर देतात ते डोनेपेझिल हे औषध नवे धक्के बांधत नाही. ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या एन्झाइमला ते आवरतं, म्हणून उरलेलं रसायन खाडीत जास्त वेळ टिकतं. (ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं याच एन्झाइमला जवळजवळ कायमचं बंद पाडतात, म्हणून बागेत फवारणी करताना जपायचं.) मेमंटाइन हे दुसरं औषध ग्लुटामेट या निरोपाच्या आणखी एका रसायनाच्या धक्क्यावर, एनएमडीए रिसेप्टरवर, काम करतं. लक्षणांना थोडा आळा बसतो, पेशींचं मरण मात्र थांबत नाही.

पण उरलेले धक्के आपणच अडवून ठेवू नयेत, हे तरी आपल्या हातात आहे. धोतऱ्याचं बी पोटात गेलं की माणूस बरळतो, हे कोकणात पोरांनाही ठाऊक असतं. त्यातली ॲट्रोपिनसारखी द्रव्यं मस्करिनिक रिसेप्टरवर ठाण मांडतात. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, ज्यांनी झोप येते त्या, आणि लघवी आवरण्याच्या काही गोळ्या कमी प्रमाणात हेच करतात. आत्या पावसाळ्यापासून रोज रात्री सर्दीची गोळी घेत होती. झोप छान लागते म्हणून. डॉक्टरांनी ती बंद केली. नारळाचं विचारणं थांबलं नाही, पण तिन्हीसांजेला "मला घरी सोड" म्हणत ओटीवर उभी राहायची, ते कमी झालं.

आता तपासणीला जाताना तिच्या गोळ्यांची सगळी पिशवी मी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करतो.