हेल्मेटच्या आतलं लेबल: अमेरिकी स्पोर्ट्स कार क्लबांची पार्श्वभूमी

रविवारी सकाळचे साडेसात. एका मॉलचं रिकामं पार्किंग, ऊन अजून वर आलेलं नाही. पंधरा-वीस गाड्या रांगेत उभ्या आहेत: एक लाल माझदा मिआता, एक जुनी कॉर्व्हेट, दोन होंडा सिव्हिक, एक रोज ऑफिसला नेली जाणारी फोक्सवॅगन. प्रत्येक मालक आपली गाडी रिकामी करतोय. जॅक, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या, मुलांची खेळणी, पायाखालची मॅटसुद्धा बाहेर काढून ताडपत्रीवर मांडली जाते. क्लबचा एक सभासद गाडीमागून गाडी तपासत येतो. चाक दोन्ही हातांनी धरून हलवतो, बेअरिंग ढिलं आहे का बघतो. बॅटरी ओढून बघतो. ब्रेकचं पेडल दाबतो. शेवटी चालकाचं हेल्मेट उलटं करून, आतलं अस्तर बोटाने बाजूला सारून, एक छोटंसं लेबल शोधतो. त्यावरचं साल क्लबच्या नियमात बसलं तर गाडी पुढे. फार जुनं निघालं, तर चालकाने दुसरं हेल्मेट मिळवायचं, नाहीतर आज गाडी चालवायची नाही.

हा ऑटोक्रॉस, म्हणजे कोनांमधून एकेकट्याने घड्याळाशी गाडी पळवण्याचा खेळ. अमेरिकेतल्या गावोगावच्या स्पोर्ट्स कार क्लबांचा हा सगळ्यात नेहमीचा कार्यक्रम. क्लबचं मासिक पत्रक उघडलं की त्यात हे सापडतंच: गेल्या ऑटोक्रॉसचे निकाल, पुढच्या रॅलीची तारीख, कार्यकारिणीच्या सभेचा वृत्तांत, एका सभासदाने दहा वर्षं खपून उभी केलेली एमजी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, कुणाला झालेली मुलगी, कुणी विकायला काढलेले टायर आणि एखाद्या जुन्या सभासदाच्या निधनाची बातमी. बाहेरच्या माणसाला हा हौशी मंडळींचा विरंगुळा वाटतो. विरंगुळा आहेच. पण त्या पत्रकातल्या बऱ्याच ओळींमागे एखादा अपघात आहे, एखादा कायमचा बंद झालेला रस्ता आहे, गेलेला मित्र आहे. तो इतिहास माहीत असला की हेल्मेट तपासणाऱ्या त्या माणसाकडे बघण्याची नजर बदलते.

सुरुवात ब्रिटनपासून करावी लागते. तिथे सार्वजनिक रस्त्यावर, चढणीवर गाड्या पळवण्याच्या स्पर्धा होत असत. २८ मार्च १९२५ रोजी बकिंगहॅमशायरमधल्या कॉप हिल या टेकडीवर एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि एकाचा पाय मोडला. त्यानंतर रॉयल ऑटोमोबाइल क्लबने सार्वजनिक रस्त्यांवरच्या वेगाच्या स्पर्धांना परवानगी देणंच थांबवलं. क्लबांना आता खासगी जमीन, चिखलाच्या चढणी, वेळेच्या हिशोबावर चालणाऱ्या सहली यांच्याकडे वळावं लागलं. १९३० साली स्थापन झालेला एमजी कार क्लब याच वातावरणातला. त्याचे पहिले चिटणीस जॉन थॉर्नली पुढे एमजी कंपनीतच गेले आणि तिचे प्रमुख झाले. क्लबचं काम करता करता माणूस कारखान्याच्या खुर्चीत पोहोचतो, इतकं ते नातं जवळचं होतं.

अमेरिकेत ही हौस उशिरा आली, तीही श्रीमंत घरांतून. तिथल्या शर्यती म्हणजे लंबवर्तुळाकार ट्रॅकवर डावीकडे वळत राहणाऱ्या, बक्षिसाच्या रकमेसाठी धावणाऱ्या व्यावसायिकांच्या शर्यती. युरोपातल्यासारखे चढ-उतार, डावी-उजवी वळणं असलेल्या रस्त्यावर गाडी पळवायची, हे वेड कॉलियर बंधूंना लागलं आणि त्यांनी मित्रांसह १९३३ मध्ये एक छोटी संघटना काढली. दुसरं महायुद्ध अमेरिकेच्या दारात आलं तशी ती विसर्जित झाली.

पुढची संघटना युद्ध चालू असतानाच जन्मली, याचं मला फार अप्रूप वाटतं. पेट्रोल रेशनवर, टायर मिळत नाहीत, जुन्या गाड्या भंगारात चालल्या आहेत, अशा काळात २६ फेब्रुवारी १९४४ रोजी मूठभर मंडळींनी स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका स्थापन केला. त्यांचा पहिला हेतू शर्यतीचा नव्हताच. देशात उरलेल्या चांगल्या स्पोर्ट्स गाड्या वाचवायच्या, त्यांची माहिती जपायची, हे काम त्यांनी आधी हाती घेतलं. नियमही तसाच कडक: आपली गाडी क्लबबाहेरच्या माणसाला विकली, तर सभासदत्व गेलं. आजच्या पत्रकातल्या ‘विकणे आहे’ या सदराचं मूळ मला या नियमात दिसतं. आपली गाडी ओळखीच्या, कदर असणाऱ्या हातात जावी ही इच्छा अजूनही त्या जाहिरातींच्या भाषेत असते.

युद्ध संपलं आणि एका गाडीने चित्र बदललं. एमजी टीसी. १२५० सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम चोपन्न अश्वशक्ती, लाकडी सांगाड्यावर पत्रा, तारांच्या आऱ्यांची उंच बारीक चाकं, दुमडून आडवी करता येणारी पुढची काच, आणि कोपर बाहेर काढता यावं म्हणून वरून खोलगट कापलेली दारं. १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या बनल्या आणि त्यातल्या दोनएक हजारच अमेरिकेत गेल्या. स्टिअरिंग सगळ्यांचं उजवीकडेच. सरळ रस्त्यावर कुठलीही दांडगी अमेरिकी गाडी तिला सहज मागे टाकायची. पण वळणावर ती चालकाच्या हाताला जे सांगायची, ते त्या मोठ्या गाड्यांना जमत नव्हतं. इंग्लंडमध्ये तैनात असताना अशा गाड्या पाहिलेले सैनिक घरी परतले होते. गाडी आली तशी दुसऱ्या टीसीवाल्याची गाठ पडली, सुट्या भागांची चौकशी सुरू झाली. गावोगावच्या क्लबांची बैठक बसली ती अशी.

याच टीसीच्या एका मालकाला ती पळवायला जागा हवी होती. कॅमेरॉन आर्गेटसिंगर, कॉर्नेल विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन या तळ्याकाठच्या गावाभोवतीचे रस्ते जोडून त्याने ६.६ मैलांचा, म्हणजे सुमारे १०.६ किलोमीटरचा मार्ग आखला आणि गावकऱ्यांच्या गळी उतरवला. २ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रँकलिन स्ट्रीटवर, कोर्टाच्या इमारतीसमोर झेंडा पडला. मार्गात डांबर होतं, काँक्रीट होतं, कच्चा रस्ता होता आणि रेल्वेचं फाटकही होतं. शर्यतीपुरत्या गाड्या थांबवायला रेल्वे राजी झाली होती. फ्रँक ग्रिस्वोल्ड अल्फा रोमिओ ८सी २९००बी घेऊन पहिला आला. आर्गेटसिंगर स्वतःही आपली टीसी घेऊन उतरला होता.

त्या दिवशी गाड्या उलटल्याही. डेन्व्हर कॉर्नेटची टीसी दगडी पुलापाशी उलटली, तेव्हापासून त्या पुलाला त्याचंच नाव पडलं. बिल मिलिकन हा विमानशास्त्राचा इंजिनिअर आपली बुगाटी घेऊन ज्या वळणावर आडवा झाला, ते मिलिकन कॉर्नर. दोघेही वाचले, म्हणून ही नावं कौतुकाने घेतली जातात. मिलिकनने पुढे वाहनांच्या गतिशास्त्रात मोलाचं काम केलं.

कौतुक फार काळ टिकलं नाही. १९५० च्या शर्यतीत कॉलियर बंधूंपैकी सॅम कॉलियर हा ब्रिग्ज कनिंगहॅम या दुसऱ्या शर्यतवेड्याची फेरारी चालवत होता. एका वळणावर गाडी रस्ता सोडून गेली आणि तो गेला. ज्यांनी हा खेळ अमेरिकेत आणला त्यांच्यातलाच एक. शर्यत मात्र थांबली नाही, गर्दी दरवर्षी वाढतच गेली. २० सप्टेंबर १९५२ रोजी फ्रँकलिन स्ट्रीटवर, फुटपाथपर्यंत खेटून उभ्या असलेल्या लोकांना एका गाडीची धडक बसली. सात वर्षांचा एक मुलगा दगावला, अनेकजण जखमी झाले.

चालक स्वतःच्या मर्जीने धोका पत्करतो. फुटपाथवर बसलेल्या मुलाने काय पत्करलं होतं? या प्रश्नाला कुठल्याच क्लबकडे उत्तर नव्हतं. गावातल्या रस्त्यावरची शर्यत तिथेच संपली. १९५३ मध्ये मार्ग गावाबाहेरच्या रस्त्यांवर नेला गेला आणि १९५६ मध्ये टेकडीवर २.३ मैलांचा कायमचा ट्रॅक उभा राहिला. त्याच्या आखणीत मिलिकनचाही हात होता. विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेकलाही असंच झालं: १९५२ नंतर रस्त्यावरची शर्यत बंद, १९५५ मध्ये रोड अमेरिका हा स्वतंत्र ट्रॅक. कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या झाडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर १९५६ साली एर्नी मॅकअॅफी या चालकाचा जीव गेला आणि १९५७ मध्ये जवळच लगुना सेका सुरू झालं. आज जगभर नावाजलेले हे ट्रॅक त्या काळच्या क्लबांनी कानाला लावलेल्या खड्यातून आले आहेत.

मधल्या काळात हवाई दलाने आसरा दिला. जनरल कर्टिस लमे हे अणुबॉम्बवाहू विमानांच्या दलाचे प्रमुख, आणि स्वतः अलार्ड गाडीचे मालक. त्यांनी १९५२ पासून विमानतळांच्या धावपट्ट्या क्लबच्या शर्यतींना खुल्या केल्या. तिकिटांचे पैसे जवानांच्या राहण्याच्या सोयींसाठी जायचे. लष्करी मालमत्तेच्या वापरावर अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, प्रश्न उठले आणि १९५४ मध्ये हे आटोपलं. पण रुंद, सपाट, प्रेक्षकांपासून दूर असलेल्या जागेची सवय तोवर क्लबांना झाली होती. सीट बेल्टही याच सुमाराचा. १९५४ मध्ये स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाने शर्यतीत तो सक्तीचा केला, तेव्हा कारखान्यातून निघणाऱ्या बहुतेक गाड्यांत बेल्ट नावाची वस्तूच नव्हती.

आता त्या लेबलाकडे. १९५६ साली कॅलिफोर्नियात पीट स्नेल नावाचा एक हौशी चालक क्लबच्या शर्यतीत उलटला. डोक्यात हेल्मेट होतं, पण ते डोकं वाचवू शकलं नाही. त्याच्या मित्रांमध्ये डॉक्टर जॉर्ज स्नायव्हली होते. १९५७ मध्ये या मंडळींनी त्याच्या नावाने स्नेल मेमोरियल फाउंडेशन काढलं आणि एक साधं काम हाती घेतलं: हेल्मेट विकत आणायची, धातूच्या डोक्यावर बसवून ठरलेल्या उंचीवरून आदळायची, आतपर्यंत किती हादरा पोहोचतो ते मोजायचं. त्यातून हेल्मेटचं मानक तयार झालं. आजही साधारण दर पाच वर्षांनी नवं मानक निघतं, त्याचं साल लेबलावर छापतात, आणि त्या सालावरूनच हेल्मेट पास की नापास हे ठरतं. एका क्लबातली मृत्यूची बातमी होती ती. मित्रांनी ती पत्रकात छापून सोडून दिली नाही.

पार्किंगमधल्या त्या खेळाकडे परत येताना एक आपल्याकडची गोष्ट वाटेत भेटते. पन्नाशीच्या दशकात या खेळाला अमेरिकी क्लब ‘जिमखाना’ म्हणायचे, आजही काही ठिकाणी म्हणतात. शब्द आपला. ‘गेंदखाना’ या शब्दाला इंग्रजी जिमनॅस्टिक्सचा रंग चढून तो घडला असावा, असं कोशकार मानतात. त्याचा वापर १८६१ मध्ये रुडकीत झाल्याची नोंद आहे. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला आणि मराठी माणसासाठी जिमखाना म्हणजे क्रिकेटचं मैदान झाला. इंग्रजांनी मात्र तो घोड्यांवरच्या करामतींच्या खेळासाठी घरी नेला, तिथून तो गाड्यांना चिकटला आणि अटलांटिकपार गेला.

खेळ असा. पार्किंगच्या जमिनीवर नारिंगी कोन मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी, स्पर्धा घड्याळाशी. एक फेरी मिनिटभराची, वेग हायवेवरच्या रोजच्या वेगाच्या वर सहसा जात नाही. प्रत्येक कोनाभोवती खडूने चौकोन काढलेला असतो. कोन आडवा झाला किंवा चौकोनातून पूर्ण बाहेर गेला, की दोन सेकंदांचा दंड. उभ्या कोनाशेजारी आडवा टाकलेला कोन कुठल्या बाजूने जायचं ते दाखवतो. आणि कुणीही नुसतं गाडी चालवून घरी जात नाही. अर्धा गट चालवत असतो तेव्हा उरलेला अर्धा गट उन्हात उभा राहून पडलेले कोन पळत जाऊन चौकोनात ठेवतो, लाल झेंडा हातात तयार ठेवतो. नंतर अदलाबदल. मला या सगळ्या पद्धतीत हे सर्वांत जास्त भावतं. पोर्शवाला वकील सिव्हिकवाल्या विद्यार्थ्याचे कोन उचलतो, आणि दुपारी तोच विद्यार्थी वकिलासाठी धावतो. माती नाही, प्रेक्षक नाहीत, फुटपाथवर कुणाचं मूल नाही.

रॅलीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली आपल्याकडेही ओळखीची आहे: ठरलेला सरासरी वेग, शेजारी नॅव्हिगेटर, चेकपॉइंटवर लवकर पोहोचलं तरी दंड आणि उशिरा पोहोचलं तरी दंड. रहदारीचे नियम पाळून सार्वजनिक रस्त्यावर स्पर्धा घेण्याचा हाच एक मार्ग उरला होता.

आपल्याकडची वाट फार वेगळी नव्हती. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून मुंबईत आहे. शर्यतीचं नाव निघालं की जुनी माणसं शोलावरम म्हणतात: मद्रासजवळची महायुद्धातली धावपट्टी, जिथे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने अनेक वर्षं शर्यती भरवल्या आणि मग १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक केला. धावपट्टीवरून ट्रॅककडे, तीच पायरी.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या आज शंभराहून अधिक प्रादेशिक शाखा आहेत. पोर्शवाल्यांचा स्वतंत्र क्लब १९५५ पासून आहे आणि त्याची सभासदसंख्या लाखावर गेली आहे.

वॉटकिन्स ग्लेनचा तो पहिला ६.६ मैलांचा मार्ग आजही साधा सार्वजनिक रस्ता आहे. कुणीही आपली गाडी वेगमर्यादेत ठेवून त्यावरून जाऊ शकतो. दर सप्टेंबरमध्ये जुन्या गाड्यांचे मालक जमून त्यावर फेऱ्या मारतात. कॉर्नेटचा पूल लागतो, सॅम कॉलियरच्या आठवणीचा दगड रस्त्याकडेला लागतो. आणि खाली गावात, फ्रँकलिन स्ट्रीटवर, स्मॉलीज गॅरेज उभं आहे. १९४८ ते १९५२ या वर्षांत शर्यतीआधी गाड्या तिथे रांगेने उभ्या राहायच्या, आणि क्लबचा कुणीतरी सभासद चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघायचा.