कहवा (काश्मिरी)

कहवा : हिरव्या चहाच्या पानांत केशर, दालचिनी व वेलदोडे घालून केलेले, बहुधा बिनदुधाचे गोड पेय. काश्मीर खोऱ्यात थंडीत, विशेषतः 21 डिसेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या ‘चिल्लई कलान’ या चाळीस दिवसांच्या कडाक्यात ते आवडीने पितात. रोजचा चहा म्हणजे मीठ व सोडा घातलेली, दुधाची ‘नून चाय’. कहवा पाहुण्यांसाठी, लग्नकार्यात आणि वाझवानच्या (अनेक पदार्थांच्या काश्मिरी मेजवानीच्या) जड जेवणानंतर.

नावाची व्युत्पत्ती : अरबी ‘कहवा’ या शब्दाकडे बहुतेकांचा कल आहे. जुन्या अरबीत त्याचा अर्थ मद्य असा होता. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळींत तो कॉफीसाठी रूढ झाला आणि तुर्कीमार्गे यूरोपीय भाषांत पोहोचला. म्हणजे मराठीतील ‘कॉफी’ही त्याच घरातली, फक्त लांबच्या वाटेने आलेली. कॉफीचे नाव चहाला कसे लागले, हा खरा पेच. इराणमध्ये ‘कहवाखाना’ हे नाव कायम राहिले, पण तेथे चहा दिला जाऊ लागला. काश्मीरच्या दरबारात व विद्याव्यवहारात फार्सी अनेक शतके नांदली. तेव्हा नाव तेच राहून वस्तू बदलण्याचा हाच प्रकार येथेही घडला असावा. दुसऱ्या मतानुसार काश्मिरी ‘काह’ म्हणजे अकरा, म्हणून अकरा जिन्नसांचा तो कहवा. मात्र नेहमीच्या कहव्यातील जिन्नस पाणी धरूनही अकरा भरत नाहीत, आणि शब्दाच्या उत्तरार्धाचा उलगडा उरतोच. ही लोकव्युत्पत्ती मानणे बरे.

प्राचीनता : कहव्याचा उगम कुशाणकाळात (इ. स. सु. पहिले ते तिसरे शतक) झाल्याचे पुष्कळदा लिहिले जाते. पश्चिम तिबेटमधील गुरग्याम येथील दफनभूमीत चहाच्या पानांचे सु. 1,800 वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामुळे चहा त्या काळी हिमालयापलीकडे पोहोचला होता एवढे म्हणता येते. त्यावरून काश्मीरमधील मसालेदार पेयापर्यंत उडी घेणे धाडसाचे आहे. केशराची गोष्ट निराळी. कल्हणाच्या राजतरंगिणीत (1148–49) विद्या, उंच घरे, केशर, हिमजल व द्राक्षे या स्वर्गातही दुर्मिळ गोष्टी काश्मीरमध्ये सहज मिळतात असे म्हटले आहे. घटक जुना, पेय नवे, असेच चित्र अधिक संभवते.

काश्मिरी पंडित कुटुंबांत मसाला व बदाम घातलेल्या कहव्याला ‘मोगल चाय’ म्हणतात. अकबराने 1586 मध्ये काश्मीर जिंकले. त्याच्याशी या नावाची सांगड घातली जाते, पण केवळ नावावरून काळ ठरवता येत नाही. अधिक भक्कम आधार एकोणिसाव्या शतकातला. काश्मीरमध्ये काम केलेला ब्रिटिश अधिकारी वॉल्टर लॉरेन्स याने 1895 च्या ग्रंथात खोऱ्यात येणाऱ्या ‘सुरती’ आणि ‘सब्ज’ अशा दोन चहांची नोंद केली असून, सब्ज म्हणजे लडाखमार्गे येणारा विटांचा (दाबून विटेच्या आकाराचा केलेला) चहा असे तो सांगतो. कांग्रा खोऱ्यातील हिरवा चहाही अमृतसरच्या बाजारपेठेतून काश्मीरकडे जात असे. 4 एप्रिल 1905 च्या भूकंपात कांग्रातील मळ्यांची मोठी हानी झाली. कहव्याच्या पानाला काश्मीरमध्ये ‘बंबई चाय’ असेही म्हणतात. मुंबई बंदरातून आलेल्या मालाची ती खूण असावी.

समोवार : नाव रशियन (‘स्वतः उकळणारे’), भांडे मात्र वेगळे. रशियन समोवारात नुसते पाणी तापते, खाली तोटी असते, आणि चहाचा दाट अर्क वेगळ्या किटलीत ठेवतात. काश्मिरी समोवाराला सुरईसारखी चोच असते. मधल्या नळीत निखारे आणि भोवतालच्या पोकळीत चहा मसाल्यासह उकळतो. म्हणजे तो समोवार कमी आणि शेगडीसकट किटली जास्त. तांब्याच्या समोवाराला आतून कल्हई करावी लागते; पंडितांकडे पितळेचा समोवार वापरण्याची रूढी आहे. हा आकार रशियाकडून थेट आला की मध्य आशियातून, याविषयी एकमत नाही; मध्य आशियातील यार्कंद व लडाखमधील लेह यांच्यातील व्यापार पाहता दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. पंडितांकडे कहवा ‘खोस’ या धातूच्या पेल्यात देतात. पेला चांगलाच तापतो, म्हणून तो फेरनच्या (सैल काश्मिरी अंगरख्याच्या) बाहीत धरतात.

कृती : आधी दालचिनी व वेलदोडे पाण्यात उकळतात आणि पाने शेवटी घालतात. हिरव्या चहाची पाने तोडल्यावर लवकरच तापवून त्यांतील विकराची (एन्झाइमची) क्रिया थांबवलेली असते, त्यामुळे त्यांतील कॅटेचिने ही तुरट द्रव्ये टिकून राहतात. फार उकळल्यास तीच पेयाला कडू-तुरट करतात. काश्मीरमधील पांपूरच्या केशरातील क्रोसिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळून सोनेरी रंग देते, पण त्याला वेळ लागतो, म्हणून काड्या कोमट पाण्यात आधी भिजवून ठेवणे श्रेयस्कर. बदामाचे काप पेल्यातच टाकतात. साखरेऐवजी मधही चालतो.

पेशावर व अफगाणिस्तानातही ‘कहवा’ नावाचा हिरवा चहा प्रचलित आहे. त्यात वेलदोडा असतो, केशर बहुधा नसते.