जुनी गाडी ऑनलाइन पाहून थेट मालकाकडून घेताना

मोबाइलवर जाहिरात पाहून गाडी ठरवणारे आणि पैसे देण्याआधी तपासणीसाठी आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे ग्राहक आता बरेच आहेत. थेट मालकाकडून घेतल्याने दलाली वाचते आणि गाडी कशी वापरली ते त्याच्याच तोंडून कळतं. हा मार्ग चांगला आहे. फक्त एक लक्षात घ्या. एखादा माणूस स्वतःची वापरातली गाडी विकतो तेव्हा तो व्यापारी नसतो, त्यामुळे पुढे काही निघालं तर ग्राहक आयोगाकडे दाद मागणं सहसा जमत नाही. उरतो तो दिवाणी दावा किंवा पोलीस तक्रार. म्हणून जी काळजी घ्यायची ती पैसे हातातून सुटण्याआधीच.

आमचा आग्रह एका क्रमाचा आहे: आधी कागद, मग गाडी, शेवटी पैसे. बहुतेकांचं उलटं होतं. गाडी आवडते, दुसरं गिऱ्हाईक येतंय असं मालक सांगतो, जागेवरच टोकन दिलं जातं आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, दुसऱ्या दिवशी पाहिली जाते.

फोनवरच थांबायच्या जागा

बाजारभावापेक्षा खूपच स्वस्त गाडी, विकणारा म्हणे सैन्यात किंवा सीआयएसएफमध्ये, अचानक बदली झाली म्हणून विकतोय. ओळखपत्राचा फोटो लगेच पाठवतो. गाडी मात्र विमानतळाच्या पार्किंगमध्ये किंवा छावणीत असते, तिथे तुम्हाला येता येत नाही. मग ‘गाडी घरपोच पाठवतो, फक्त वाहतुकीचे पैसे भरा’. ते भरले की गेटपासचे, मग जीएसटीचे, आणि प्रत्येक रक्कम ‘परत मिळणारी’. ही फसवणूक देशभर वर्षानुवर्षं चालू आहे. गाडीचे फोटो दुसऱ्याच कुणाच्या खऱ्या जाहिरातीतले असतात आणि ओळखपत्र बहुधा आधी फसलेल्या एखाद्याचं. न पाहिलेल्या गाडीसाठी एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

दुसरी जागा: ‘गाडी माझ्या मेहुण्याची आहे, मीच बघतो सगळं.’ खुद्द मालकाशी बोलणं करून द्या म्हणा. आरसीवरचं नाव आणि समोरच्याचं आधार जुळलं पाहिजे. मूळ मालक वारला असेल, तर वारसांनी आधी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, त्यानंतरच तुमचा व्यवहार.

नंबरवरून काय कळतं

गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाका. पासिंगची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं घरबसल्या दिसतं. ई-चलनंही तपासा. थकलेल्या दंडापायी नाव बदलण्याचं काम अडू शकतं. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र) आणि महाराष्ट्रात भरायचा कर किमतीत धरा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात, पण हा हिशेब केल्यावर स्वस्ताई बरीच कमी होते.

विम्याची पॉलिसी सगळे फक्त मुदतीसाठी पाहतात. तुम्ही त्यातली नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची ओळ वाचा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत जातो. सहा-सात वर्षांची गाडी, पहिलाच मालक, विमा कधी चुकलेला नाही आणि बोनस शून्य, म्हणजे नजीकच्या काळात क्लेम घेतलेला असणार. कशाचा, ते विचारा. उत्तर देताना मालक कसा बोलतो त्यावरूनही पुष्कळ कळतं. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा ‘बोनससकट देतो’ या बोलण्याला किंमत देऊ नका.

बोजा असेल तर घाबरून व्यवहार सोडायचं कारण नाही, पण कर्जाचे पैसे मालकाच्या हातात देऊ नका. बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र घ्यायला लावा आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा. मग बँकेची एनओसी आणि बोजा काढण्याचा फॉर्म ३५ येतो, त्यावर आरटीओत बोजा उतरतो. उरलेली रक्कम त्यानंतर. ‘कर्ज फिटलंय, एनओसी कपाटात आहे’ असं कुणी म्हणालं तर एनओसीवरची तारीख पाहा. तिला मुदत असते.

गाडीजवळ गेल्यावर

दिवसा उजेडी जा. धुऊन पुसून ओल्या असलेल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. आधी बॉनेटवर हात ठेवा. इंजिन गरम असेल तर तुम्ही यायच्या आत ते चालू करून ठेवलंय, आणि थंड इंजिनाची कुरकुर तुम्हाला ऐकू येणार नाही. ते निवेपर्यंत थांबा. चासी नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून पाहा. तो सतरा अक्षरांचा असतो. त्याभोवती घासल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा. चोरीच्या गाडीची मालकी कितीही पैसे मोजले तरी तुम्हाला मिळत नाही.

आपल्या कोल्हापूर-सांगली भागात पुराची तपासणी सोडून चालणार नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या स्वच्छ होऊन बाजारात येतात, वरून काहीही दिसत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. गुंडाळलेल्या टोकाला मातकट रेघ किंवा कुबट वास असेल तर गाडीत पाणी शिरलेलं असण्याची दाट शक्यता आहे. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का तेही पाहा. गाडीत सुगंधी फवारा जास्तच मारलेला असेल तर मॅट उचलून वास घ्या. अशी गाडी आज चालेल, पण वायरिंगचे सॉकेट आतून गंजत जातात आणि महिन्या-दोन महिन्यांनी दिवे, पॉवर विंडो, एअरबॅग असं एकामागून एक सुरू होतं. त्याच्या दुरुस्तीला अंत नसतो. पुरातली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, हे आमचं स्पष्ट मत आहे.

मीटर मागे घेणं सोपं झालंय. कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मागा आणि किलोमीटर पडताळा. टायर कधी बनला ते सांगणारे चार अंक त्याच्या कडेला असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०२१ ची गाडी, तीस हजार किलोमीटर सांगितलेले आणि टायर चारही नवे, तर काहीतरी जुळत नाही, कारण एवढ्या किलोमीटरला चारही टायर सहसा बदलावे लागत नाहीत. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढवलेलं हवं आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाब सहन करण्याची चाचणी) मुदतीत हवी.

पैसे आणि नाव

विसार द्यायचा तर थोडा, बँकेतून आणि लेखी. गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि ‘कागदात किंवा तपासणीत दोष निघाल्यास रक्कम परत’ हे वाक्य त्यात असू द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोखीचा पुरावाही राहत नाही.

गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या तुमच्यासमोर आणि तुमचं नाव भरून झाल्यावरच घ्या. कोऱ्या सह्यांचे फॉर्म घेऊन गाडी वर्षभर तशीच चालवणारे खूप आहेत, कृपया तसं करू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. यात मालकाचाही जीव अडकलेला असतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा गाडी पुढे अनेक हातांत गेलेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओत नाव असलेल्या मालकावरच ठेवली गेली. मालक टाळाटाळ करत असेल तर हे त्याला सांगा, तो स्वतःच सहीला येईल. ऑनलाइन अर्जाला ओटीपी लागतात, म्हणून त्याचा चालू मोबाइल नंबर वाहन नोंदीत आहे ना, हे आधीच बघा. सगळ्यात मोठी रक्कम अर्ज दाखल झाल्यावर द्या.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली सौदापावती दोघांच्या सहीने करा. त्या वेळेआधीचा दंड विकणाऱ्याचा, नंतरचा तुमचा. विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. दुसऱ्याला झालेल्या इजेचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसी नावावर झाल्याशिवाय अडतो.

आमच्याकडे तपासणीला येताना

आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्या. गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहतो आणि स्कॅनर लावतो. कुणी आदल्या दिवशी दोषांचे कोड पुसले असतील तर बऱ्याच गाड्यांत तेही स्कॅनरला दिसतं. मालकाला सोबत आणा, तपासणी त्यांच्यासमोरच करतो. अहवाल लेखी मिळेल. गाडी घ्या किंवा सोडा, फी तीच राहते, आणि विकणाऱ्याकडून आम्ही काहीही घेत नाही. मूळ आरसी, विम्याची पॉलिसी आणि दुसरी चावी बरोबर असू द्या. दुसरी चावी नसेल तर ती का नाही, हे मालकाला निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.