कपाटाच्या कडेची पट्टी आली कुठून?

मागच्या पावसाळ्यात आमच्या बुकशेल्फच्या खालच्या फळीची कडेची पट्टी सुटली आणि जिभेसारखी बाहेर लोंबायला लागली. आत बघितलं तर भुसा. पार्टिकल बोर्ड! त्याच खोलीत आजोबांचं सागवानी टेबल आहे, बसणाऱ्याचा हात टेकून टेकून त्याचा एक कोपरा गुळगुळीत गोल झालाय, पण तिथेही आत तेच लाकूड आहे जे वर दिसतं, त्यामुळे पट्टी लावायचा प्रश्नच आला नाही.

म्हणजे मुळात पट्टी ही आत काहीतरी वेगळं असलं की लागते. आणि हा उद्योग फार जुना आहे. १९२२ साली तूतनखामेनचं थडगं सापडलं त्यात साध्या लाकडावर आबनूस आणि हस्तिदंताचे पातळ तुकडे चिकटवलेल्या वस्तू होत्या. महागडं लाकूड थोडंच मिळतं, मग ते वरून लावा, सरळ हिशोब. पुढे इंग्लंडमध्ये अक्रोडाच्या लाकडाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावायची फॅशन आली तेव्हा ड्रॉवरच्या कडेचं व्हिनिअर उघडता-मिटताना टवके उडून जायचं, म्हणून १८ व्या शतकात तिथले कारागीर कडेने सॉलिड लाकडाची बारीक गोलसर पट्टी बसवायला लागले. आपले मिस्त्री प्लायच्या कडेला सागवानी लिपिंग (सॉलिड लाकडाची पट्टी) मारतात ना, त्याच जातीची युक्ती.

तोवर व्हिनिअर हाताने करवतीने कापायचे, त्यामुळे ते जाड असायचं. १८०६ मध्ये मार्क ब्रुनेलने (तोच, ज्याने पुढे थेम्स नदीखालून बोगदा काढला) व्हिनिअर कापायच्या मशीनचं पेटंट घेतलं, नंतर पाती लावून लाकूड सोलून काढणारी मशीनं आली आणि आज बाजारात मिळतं ते व्हिनिअर साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे पॉलिश पेपर जरा जोरात घासला की खालचा प्लाय दिसलाच समजा. काम स्वस्त झालं पण चुकायला जागा उरली नाही.

खरा घोळ प्लायवुडने केला. त्यात एक थर उभा तर पुढचा आडवा, त्यामुळे फळी वाकत नाही हे खरं, पण कापल्यावर कडेला ते सगळे थर सँडविचसारखे दिसतात, शिवाय आडव्या थरांची उघडी टोकं फेविकॉलही पितात आणि ओलावाही. पार्टिकल बोर्ड तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत लाकडाची टंचाई होती तेव्हा पुढे आला, भुशाचा आणि रेझिनचा, पाणी लागलं की फुगतो. आता पट्टी हौसेची राहिली नाही, झाकण झाली.

चिकटवायचं काय याचीही वेगळी गोष्ट. पूर्वी सरस. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, तो पाण्यात भिजवून गरम करायचा आणि गार व्हायच्या आत काम उरकायचं, वास असा की शेजारी विचारणार काय शिजतंय. १९५९ मध्ये फेविकॉल आला तो थंडच लावायचा, त्यामुळे सुतारांची ती चूल सुटली. गंमत म्हणजे इस्त्रीने लावायच्या व्हिनिअर टेपमध्ये परत गरम करून चिकटवायचीच पद्धत आली, मागे आधीच लावलेला गोंद उष्णतेने वितळतो आणि गार झाला की धरतो. सरसाचंही तसंच होतं, गरम केला की सुटतो. म्हणूनच ओव्हनशेजारच्या कपाटाची पट्टी आधी निघते.

पुण्यात हा सगळा इतिहास एका फेरीत बघायला मिळतो. जुन्या बाजारात वाड्यांमधून निघालेली सागवानी कपाटं पडलेली असतात, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये प्लाय आणि लिपिंगच्या पट्ट्या, आणि वाकड-बाणेरच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन, त्याला मशीनने लावलेली पीव्हीसीची टेप. मला विचाराल तर पीव्हीसी दिसायला प्लास्टिक ती प्लास्टिकच, पण सिंकजवळ तीच बरी, तिथे व्हिनिअरचा हट्ट करू नये. बाकी फर्निचरला सागवानी लिपिंगच, थोडे पैसे जास्त जातात पण काही वर्षांनी कोपरा झिजला तरी रंध्याने साफ करून पॉलिश मारता येतं.

आमच्या बुकशेल्फवर मी शेवटी सुती कापड ठेवून इस्त्री फिरवली आणि वरून लाकडाच्या तुकड्याने दाबत बसलो. चिकटली. उजवा कोपरा मात्र आत्ताच परत उचकटायला लागलाय, तिथला भुसा आधीच फुगलाय.