पेड डीटीएच चालू ठेवून डीडी फ्री डिश जोडताना

गोव्यातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेड डीटीएचचे महिन्याचे पॅक छोटे करायचे आणि सह्याद्री, डीडी गोवा, बातम्या व दोन-चार सिनेमाची चॅनेल फ्री डिशवर पाहायची, असा विचार करून बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. विचार बरोबर आहे, पण जोडणी चुकली तर चालू असलेले डीटीएचही बिघडते. कुठे काय चुकते, ते या पत्रकात दिले आहे.

माळ्यावरचा जुना ॲल्युमिनियमचा अँटेना बाहेर काढू नका. दूरदर्शनचे जमिनीवरचे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२पर्यंत बंद झाले. दूरदर्शन आता घरी येते ते उपग्रहावरून. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली, तीच आजची डीडी फ्री डिश. तिला महिन्याचे भाडे नाही. सामानाचा आणि बसवण्याचा खर्च एकदाच होतो. आकाशवाणीची रेडिओ चॅनेलही त्याच डिशवर लागतात.

पैसे घालण्याआधी एक खात्री करून घ्या. तुमच्या पेड बॉक्सवर दूरदर्शनची काही चॅनेल आधीपासून असतात. हवे ते चॅनेल तिथेच सापडले तर दुसरी डिश कशाला? इंटरनेट चांगले असेल तर प्रसार भारतीचे वेव्हज हे ॲपही आहे, नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यातच इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झालेले. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत जिथे मोबाइलला धड रेंज नाही, तिथे मात्र डिशच बरी.

छपरावर नव्हे, टीव्हीपाशी जोडा

आमचा सल्ला थोडक्यात असा: पेड डिशला हात लावू नका. फ्री डिशसाठी वेगळी डिश, वेगळी केबल आणि वेगळा बॉक्स घ्या. दोघांची गाठ टीव्हीच्या मागे पडू द्या, एक एचडीएमआय १ वर, दुसरा एचडीएमआय २ वर. एचडीएमआय एकच असेल तर फ्री डिशचा बॉक्स एव्हीच्या तीन रंगांच्या वायरीवर चालतो.

‘एकाच डिशवर दुसरा एलएनबी बसवून द्या’ ही मागणी नेहमीची. एलएनबी म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग. कुठे शक्य आहे ते सांगतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर. गोव्यातून पाहता या दोन जागांत आकाशात साधारण १२ अंशांचे अंतर दिसते. ६० सेंटीमीटरच्या डिशवर दुसरा एलएनबी पहिल्यापासून ८ ते ९ सेंटीमीटर सरकवावा लागतो. डिशच्या मागे उभे राहून पाहिले तर तो उजवीकडे जातो आणि जवळजवळ तितकाच वरही. नुसता आडव्या पट्टीवर सरकवला की सिग्नल सापडत नाही, आणि मग एलएनबीच खराब आहे असे वाटू लागते. शिवाय बाजूला बसलेल्या एलएनबीला मधल्यापेक्षा कमी सिग्नल मिळतो. उन्हाळ्यात चित्र दिसेल, आषाढात पडदा काळा होईल.

डी२एच (पूर्वीचे व्हिडिओकॉन डी२एच) ८८ अंशांवर आहे. तिथे दोन एलएनबींत जेमतेम ४ ते ५ सेंटीमीटर अंतर यायला हवे, आणि एलएनबीचे तोंडच त्याहून मोठे असते. एअरटेल १०८.२ अंशांवर, तो विषयच सोडा. डिश टीव्ही ९५ अंशांवर, म्हणजे फ्री डिशपासून फक्त दीड अंशावर. तिथे त्याच डिशवर फ्री डिशचा थोडा सिग्नल येतो खरा, पण पावसासाठी दोन्हींकडे जास्तीचा सिग्नल उरत नाही.

एका एलएनबीची केबल स्प्लिटरने दोन बॉक्सना वाटणे ही दुसरी चूक. बॉक्स केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. १३ म्हणजे उभे ध्रुवीकरण (सिग्नलच्या लहरींची उभी दिशा), १८ म्हणजे आडवे. वरच्या फ्रीक्वेन्सींच्या बँडसाठी २२ किलोहर्ट्झचा टोनही जातो. दोन बॉक्स दोन हुकूम देऊ लागले की एलएनबी जास्त व्होल्टेजचे ऐकतो, आणि हॉलमध्ये चॅनेल बदलले की बेडरूममधली अर्धी चॅनेल गायब होतात. दोन टीव्हींवर फ्री डिश हवी असेल तर दोन आउटपुटचा ट्विन एलएनबी घ्या आणि दोन केबली ओढा.

काही नव्या टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. मग बॉक्स लागत नाही, केबल थेट टीव्हीला. मेनूत एलएनबी पॉवर ‘ऑन’ करायला विसरू नका, नाहीतर सगळे ठीक असूनही एक चॅनेल लागणार नाही. घरात वयस्क माणसे असतील आणि दोन रिमोटांचा गोंधळ नको असेल, तर आम्ही हाच पर्याय आधी सुचवतो.

सामान

६० सेंटीमीटरची डिश उघड्यावर पुरते. पावसाळ्यात कमी खंड हवा असेल तर ७५ची घ्या, साधारण २ डेसिबल जास्त सिग्नल मिळतो. ९०ची घेतली तर साडेतीन डेसिबल, पण वाऱ्याचा जोरही तितकाच वाढतो आणि खांब जाड लागतो. एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६०० लिहिलेला. बॉक्स एमपीईजी-४ या नव्या व्हिडिओ पद्धतीचाच घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही चॅनेल लागतच नाहीत. केबल आरजी-६, ७५ ओहम, शक्यतो २५ मीटरच्या आत आणि मध्ये जोड न देता. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. समुद्राकडच्या गावांत साध्या बोल्टला दोन पावसाळ्यांत असा गंज चढतो की पुढच्या वेळी डिश हलवायला बोल्ट कापावा लागतो.

जागा

पणजीहून फ्री डिशचा उपग्रह उत्तरेपासून १२७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेपेक्षा थोडा पूर्वेकडे, आणि क्षितिजापासून ६१ अंश उंच आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत यात एखाद्या अंशाचाच फरक पडतो. मोबाइलमधला होकायंत्र चालेल, पण लोखंडी खांबापासून दोन-तीन मीटर लांब धरून बघा.

उपग्रह इतका उंच असल्यामुळे माडांची फार भीती नाही. झाड डिशपासून जितके मीटर लांब, त्याच्या पावणेदोन पटीपर्यंत त्याची डिशच्या पातळीवरची उंची चालते. डिशपेक्षा १२ मीटर उंच असलेला माड ७ मीटरवर असला तरी तो आडवा येत नाही. झावळी वाऱ्याने हलते, म्हणून एखादा मीटर जास्त ठेवा. खरा अडथळा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचा. शेड घालायची असेल तर डिश बसवण्याआधी सांगा.

चिऱ्याच्या भिंतीत अँकर बोल्ट मारू नका. चिरा मऊ, पहिल्या वादळात भोक मोठे होते. काँक्रीटच्या स्लॅबवर किंवा बीमवर बसवा, नाहीतर भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतून पट्टी द्या. कौलांवर डिश नको. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीची परवानगी आधी घ्यावी.

डिश उपग्रहावर रोखणे

खांब ओळंब्यात हवा. तो तिरपा असला तर डिश डावी-उजवी फिरवताना उंचीही बदलते आणि तासभर हातात काही लागत नाही. आपल्या डिश ऑफसेट प्रकारच्या, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेल्या, असतात. ६१ अंश लावले तरी तोंड उभ्या रेषेपासून फक्त ३५ ते ४० अंश मागे कललेले दिसते. डोळ्यांवर न जाता ब्रॅकेटवरचे आकडे बघा.

एलएनबी सरळ बसवून चालत नाही, आणि घरी प्रयत्न करणारे बहुतेक जण इथेच अडतात. उपग्रह आपल्या दक्षिणेला नसून बराच पूर्वेला आहे, त्यामुळे त्याचे ‘उभे’ आपल्याकडे तिरके पोचते. गोव्यात हा तिरकेपणा जवळजवळ ५० अंशांचा आहे. डिशच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड करा आणि एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. केबलचे टोक खाली सहाच्या जागी असेल तर ते साधारण सव्वाचारच्या जागी येईल. उलट बाजूला फिरवला तर फरक १०० अंशांचा होतो, उभ्याचे आडवे होते आणि क्वालिटी शून्य राहते.

बॉक्समध्ये एलएनबी ९७५०/१०६०० निवडा. फ्रीक्वेन्सी ११०९०, व्ही (म्हणजे उभे), सिम्बॉल रेट २९५०० भरा. एलएनबीवरचा आकडा आणि मेनूतला आकडा जुळत नसेल तर डिश कितीही अचूक रोखली तरी उपयोग नाही. आता पडद्यावरच्या दोन पट्ट्यांपैकी ‘क्वालिटी’ बघा. ‘स्ट्रेंग्थ’ नुसता एलएनबी जोडला तरी भरते, तिच्यावर विसंबू नका. डिश एका वेळी बोटभर हलवा आणि दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. क्वालिटी सर्वांत वर गेली की एलएनबी थोडा मागेपुढे फिरवून अजून वाढते का बघा. मग बोल्ट आळीपाळीने आवळा, एकच बोल्ट पूर्ण आवळला की डिश सरकते. चॅनेल शोध सगळ्यात शेवटी.

पाणी आणि वीज

केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर लावताना मधली तार कनेक्टरच्या कडेपुढे २ ते ३ मिलिमीटरच राहू द्या. केबलमधल्या तारांच्या जाळीचा एक बारीक तंतू तिला शिवला तरी बॉक्स ‘एलएनबी शॉर्ट’ दाखवतो. बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरवर स्वतःशीच चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळा. साधी इलेक्ट्रिकची टेप एका उन्हाळ्यात सुटते. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या आणि भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडा. नाहीतर केबलवरून ओघळलेले पाणी थेट बॉक्सवर. सत्तरीत आणि डोंगराकडेला केबल पाइपातून घ्या, माकडे लोंबती केबल ओढल्याशिवाय राहत नाहीत.

डिशच्या खांबाला घराच्या आर्थिंगशी तांब्याच्या तारेने जोडून घ्या. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लगही काढा आणि केबलही. नुसता स्विच बंद केला तर केबलचा रस्ता उघडाच राहतो.

बिघाड कुठे आहे?

जोराच्या सरीत चित्र जाते आणि पाऊस ओसरला की काही मिनिटांत येते, तो बिघाड नव्हे. या फ्रीक्वेन्सीला पाऊस अडवतोच. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले तरी चित्र येत नसेल तर कनेक्टरमध्ये पाणी गेले आहे. टोक कापून नवीन कनेक्टर लावा. वाळवून जुनाच लावला तर महिन्याभरात पुन्हा तेच.

मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरअखेर काही दिवस सकाळी अकराच्या आसपास थोडा वेळ चित्र तुटते. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. पेड डीटीएचलाही हे होते, फक्त वेळ वेगळी. त्या वेळी डिश हलवू नका.

एखादे खासगी चॅनेल अचानक गेले तर डिशला दोष देऊ नका. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे यादी बदलत असते. आधी ऑटो स्कॅन करा. तरी दिसले नाही तर ते चॅनेल तिथून गेले असे समजा.

फोन करण्याआधी बॉक्सचा सिग्नलचा पडदा उघडून मोबाइलवर फोटो काढा आणि बाहेर पाऊस आहे की ऊन ते सांगा. निम्मी कामे तेवढ्यावर फोनवरच होतात आणि तुमचे भेटीचे पैसे वाचतात.