शिर, मान आणि धड यांतील स्नायूंचे अध्ययन

मानवी शरीरातील सहाशेहून अधिक अस्थिस्नायूंपैकी शिर, मान व धड या भागांतील स्नायू ओळखणे, त्यांची रचना समजून घेणे आणि त्यांचे कार्य तपासून पाहणे हा शारीरशास्त्राच्या अध्ययनाचा एक भाग आहे. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि फिजिओथेरपी या शाखांच्या विद्यार्थ्यांना तो अभ्यासक्रमाच्या आरंभीच करावा लागतो. प्रत्येक स्नायूबाबत चार बाबी विचारल्या जातात : त्याचा उगम कोठे होतो, तो शेवटी कोठे जोडला जातो, त्याला कोणती चेता (संदेश वाहून नेणारी नर्व्ह) मिळते आणि तो आकसल्यावर काय घडते.

हातापायांचे स्नायू कप्प्यांत विभागलेले असतात आणि एका कप्प्यातील स्नायूंची चेता व काम बहुधा सारखेच असते. शिर व मान यांत अशी सोय नाही. डोळा, जबडा, जीभ, घसा आणि स्वरयंत्र यांचे लहान लहान स्नायू तेथे अत्यंत कमी जागेत एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे केवळ नावांची यादी पाठ करणारा विद्यार्थी लवकर थकतो आणि परीक्षेनंतर ती विसरतो. या भागाची खरी किल्ली चेता हीच आहे, कारण स्नायू भ्रूणावस्थेत जेथे निर्माण झाला तेथील चेता तो सहसा सोडत नाही, मग नंतर तो कितीही दूर सरकलेला असो.

गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास भावी घशाच्या दोन्ही बाजूंना ग्रसनी कमानी, म्हणजे कमानीसारखे उंचवटे, दिसू लागतात आणि प्रत्येक कमानीला तिची स्वतःची कर्पर चेता, म्हणजे थेट मेंदूतून निघणारी चेता, असते. पहिल्या कमानीतून चर्वणाचे चार स्नायू, म्हणजे मॅसेटर, टेंपोरॅलिस आणि दोन टेरिगॉइड, तयार होतात व त्यांना पाचव्या कर्पर चेतेची जबड्याकडे जाणारी शाखा मिळते. दुसऱ्या कमानीतून चेहऱ्यावरील भाव दाखवणारे स्नायू तयार होतात व त्यांना सातवी कर्पर चेता, म्हणजे फेशियल नर्व्ह, मिळते. हनुवटीखालील डायगॅस्ट्रिक या दोन भागांच्या स्नायूत हा इतिहास स्पष्ट दिसतो : त्याचा पुढचा भाग पहिल्या कमानीचा असल्याने त्याला पाचवी चेता मिळते, तर मागचा भाग दुसऱ्या कमानीचा असल्याने त्याला सातवी. भ्रूणविज्ञान न शिकवता ही बाब सांगितली, तर ती निव्वळ अपवाद म्हणून घोकावी लागते.

गालातील बक्सिनेटर स्नायूही असाच शिकण्याजोगा आहे. घास चावताना तो अन्न दातांखाली ढकलत राहतो, म्हणून तो चर्वणाचा स्नायू असावा असे वाटते. पण तो दुसऱ्या कमानीचा आहे आणि त्याची चेता सातवी आहे. म्हणूनच चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णाचा जबडा नीट मिटत असला, तरी त्या बाजूच्या गालात अन्न साचून राहते. याच अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची खूण हाती येते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून संदेश मिळतात. त्यामुळे पक्षाघातात सामान्यतः तोंडाची एक बाजू वाकडी होते, पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात. फेशियल नर्व्हच बाधित असेल, तर त्या बाजूचे कपाळही सपाट राहते.

मानेत सर्वप्रथम ओळखावा असा स्नायू म्हणजे स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. तो उरोस्थी (छातीच्या मधले हाड) व जत्रुकास्थी (गळ्याजवळचे आडवे हाड) यांपासून निघून कानामागील उंचवट्याला जोडलेला असतो आणि मानेचे पुढचा व मागचा असे दोन त्रिकोण पाडतो. समोरच्या व्यक्तीच्या हनुवटीच्या डाव्या बाजूला तळहात टेकवून तिला त्याविरुद्ध मान डावीकडे वळवायला सांगितल्यास उजव्या बाजूचा स्नायू दोरीप्रमाणे ताठ उभा राहतो. एका बाजूचा हा स्नायू आकसला की चेहरा विरुद्ध बाजूला वळतो, ही गोष्ट नवख्या विद्यार्थ्याच्या मनात हमखास उलट बसलेली असते. एकदा बोटांनी चाचपून पाहिल्यावर ती पुन्हा चुकत नाही. याला आणि पाठीवरील ट्रॅपेझियसला अकरावी कर्पर चेता मिळते.

धडाच्या स्नायूंतील मध्यपटल, म्हणजे डायाफ्राम, हा श्वसनाचा मुख्य स्नायू छाती व पोट यांच्या सीमेवर असला, तरी त्याची फ्रेनिक चेता मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जारज्जू चेतांपासून निघते, कारण मध्यपटलाची घडण मानेच्या पातळीवर सुरू होते आणि नंतर ते खाली उतरते. त्यामुळेच मध्यपटलाखाली पू किंवा रक्त साचल्यास वेदना खांद्याच्या टोकावर जाणवू शकते, आणि मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जूला गंभीर इजा झाल्यास श्वास बंद पडतो. मध्यपटलातून अधोमहाशिरा, अन्ननलिका व महाधमनी अनुक्रमे छातीच्या ८ व्या, १० व्या व १२ व्या मणक्यांच्या पातळीवर जातात.

छाती व पोटाच्या भिंतींत स्नायूंचे तीन थर असतात आणि तेथे तंतूंची दिशा लक्षात ठेवणे पुरेसे ठरते. बाहेरच्या थराचे तंतू खिशात हात घालताना बोटे जशी असतात तसे खाली व पुढे जातात. पाठीत मात्र सावध राहावे लागते. ट्रॅपेझियस, लॅटिसिमस डॉर्साय व ऱ्हॉम्बॉइड हे पाठीवर दिसत असले, तरी ते काम खांदा व बाहू यांच्यासाठी करतात. कण्याला ताठ धरणारे पाठीचे खरे स्नायू त्यांच्याखाली असतात आणि त्यांनाच मज्जारज्जू चेतांच्या मागच्या शाखा मिळतात.

हे ज्ञान मिळवण्याच्या पद्धती जुन्या आहेत. सुश्रुतसंहितेत शव मुंजादी गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग कुंचल्याने हळूहळू घासून थर पाहावेत, असे सांगितले आहे. तीत एकूण ५०० पेशी, म्हणजे मांसपेशी, मोजल्या असून त्यांपैकी ६६ धडात व ३४ मानेत आणि तिच्या वर आहेत. ही गणना आजच्या स्नायूंशी एकास एक जुळवण्याचा आग्रह धरू नये. हाताने थर उलगडून पाहण्याचा तिचा आग्रह मात्र अस्सल आहे. युरोपात गेलन या प्राचीन वैद्याचे शारीरशास्त्र बरेचसे माकडांच्या विच्छेदनावर उभे होते. आंद्रेआस व्हेसालियस या शारीरशास्त्रज्ञाच्या १५४३ मधील ग्रंथातील चित्रांत उभ्या माणसाच्या स्नायूंचा एकेक थर क्रमाने उतरवलेला आहे, आणि वरून आत जाण्याचा तो क्रम आजही विच्छेदनगृहात पाळला जातो. भारतात कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्ता यांनी १८३६ मध्ये शवविच्छेदन केले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले.

विच्छेदनात मानेचा पहिला छेद फार उथळ घ्यावा लागतो, कारण प्लॅटिझ्मा हा पातळ स्नायू त्वचेच्या लगेच खाली पसरलेला असतो आणि सुरी थोडी खोल गेली की तो त्वचेबरोबरच निघून येतो. चेहऱ्यावर काम याहून नाजूक असते, कारण तेथील बहुतेक स्नायूंची टोके थेट त्वचेत शिरतात. या कामासाठी लागणारे मृतदेह आता मोठ्या प्रमाणावर देहदानातून मिळतात. संगणकीय त्रिमितीय प्रतिकृतींमुळे थरांची कल्पना लवकर येते. मात्र स्नायूची जाडी, त्याचा ताण आणि व्यक्तीव्यक्तींतील फरक मृतदेहावर व सजीव शरीरावर हात ठेवूनच कळतात.